नोंद नसलेलं गलबत

अठराव्या वर्षी मी वऱ्हाडातली सगळ्यात हुशार मुलगी होते. हे माझं एकटीचं मत नव्हतं, माझ्या वडिलांचंही होतं, आणि ते अकोल्याला वकिली करत असल्यामुळे त्यांचं मत खोडून काढायची घरात कोणाची टाप नव्हती. मॅट्रिक झालेली, रोज सकाळी वडिलांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारी, आणि वाचता वाचता थांबून पेपरवाल्यांच्याच चुका काढणारी अशी ती मुलगी. आज ती समोर आली तर मी तिला आधी दोन लगावीन. मग पाणी देईन. पण आधी दोन लगावीन.

सत्तावन्न साली त्या मुलीचं अमरावतीला लग्न झालं. सासरी माणसं दोनच, सासरे आणि हे. सासूबाई आधीच गेलेल्या. सासरे भिक्षुकी करायचे; लग्नं, मुंजी, श्राद्धपक्ष, सगळं. त्यांना मी मामाजी म्हणायची. मुलगा मात्र त्यांनी पोथीत न घालता कचेरीत घातला होता. ‘दक्षिणेवर जगनं माझ्यापर्यंतच बस’ असं ते म्हणायचे. हे कचेरीत टायपिंग करत, स्वभावानं गरीब, आणि मी काहीही बोलले की हसत. मला तेव्हा वाटायचं, माझ्या हुशारीवर हसतात.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा यांची बदली झाली. बदली म्हणजे मूर्तिजापूरला नाही की दर्यापूरला नाही. एकदम समुद्रावर.

त्याचं असं झालं होतं. छप्पन साली वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून सोडवून मुंबई राज्याला जोडलं. त्याच दिवशी तिकडे कच्छ आणि सौराष्ट्रही त्याच राज्याला जोडले. म्हणजे अमरावती आणि पार द्वारकेकडचा समुद्र एका राज्यात आले. आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण साडेतीन वर्षं तसं होतं. नव्या राज्याच्या हाती एवढा मोठा किनारा आला की तिकडच्या बंदरांना कारकून पुरेनात, आणि आमच्याकडच्या जुन्या कारकुनांना बसायला खुर्च्या पुरेनात. सरकारनं मग एकीकडचे उचलून दुसरीकडे ठेवले. आमचे हे त्यात उचलले गेले.

बडनेऱ्याला गाडीत बसवताना मी रडले नाही. रडणाऱ्या बायका मला बावळट वाटायच्या. हे खिडकीतून म्हणाले, “कायमची गोष्ट नाही ही, दोन-चार महिन्यांत तुलाही नेतो.” मी म्हटलं, “मले नाही यायचं. मामाजींचं सोवळं कोण पाहील?” मामाजी शेजारीच उभे होते. ते म्हणाले, “माह्या सोवळ्याचं नको सांगू, मी तीन घरं जेवून येईन. तू जा.” मी गेले नाही. खरी गोष्ट अशी की मला त्या खाऱ्या गावात कोणाशी भांडता आलं नसतं. भाषाच येत नव्हती.

मग पत्रं सुरू झाली. दर आठवड्याला एक. त्यांत घरच्या चौकशीच्या दोन ओळी, आणि उरलेलं सगळं गलबतांचं.

यांचं काम होतं नोंदणीचं. त्या किनाऱ्यावर पूर्वी दर दहा-वीस कोसांवर एक राजा होता, आणि ज्याच्या त्याच्या राज्याला एक बंदर. प्रत्येकाचं निशाण वेगळं, वही वेगळी, मापं वेगळी. कोणी गलबत फुटात मोजायचा, कोणी हातात. राजे विलीन झाले तरी त्यांच्या वह्या तशाच पडून होत्या. आणि आता दिल्लीनं अठ्ठावन्न साली जहाजांचा नवा कायदा केला. सगळ्या गलबतांनी एकाच पद्धतीनं नोंद करायची. गलबताला एक नाव, एक नंबर, एक गाव. ते गाव त्याच्या पाठीवर रंगवायचं. आणि गलबत आपल्या देशाचं म्हणवायचं तर त्याचा मालकही याच देशाचा हवा.

‘कायदा दिल्लीचा, बंदरं राज्याची आणि कारकून वऱ्हाडचा,’ यांनी लिहिलं होतं. ‘काल एक गलबत आलं. बांधलं एका राजाच्या गावात, कागद दुसऱ्याच्या शिक्क्याचे, मालक राहतो तिसऱ्याच्या. मी नाखव्याला विचारलं, याचं गाव कोणतं लिहू? तो म्हणाला, साहेब, पाण्यात असतं तेव्हा पाणीच त्याचं गाव.’

मी उलट टपाली लिहिलं की लाकडाच्या ओंडक्यांना जन्मदाखले देण्यासाठी सरकारनं माझा नवरा नेला हे वाचून धन्य झाले. मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पूर्णेचा पूर. समुद्रावर मत द्यायला तेवढं पुरतं असं मला वाटायचं. यांनी त्या पत्राला उत्तर लिहिलं: ‘तू रागावलीस तरी आपण एकाच राज्यात आहोत, हे विसरू नकोस.’

ते दिवाळीला यायचे, उन्हाळ्यात यायचे. आले की पहिल्या दिवशी मी बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी इतकी बोलायची की मामाजी पोथी घेऊन देवळात जाऊन बसायचे. तिसऱ्या दिवसापासून संसार. मग बडनेरा.

साठ साली राज्य मोडलं. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा. इकडचे तिकडे गेलेले जे कारकून होते त्यांना छापील फॉर्म आले: तुम्हाला कोणत्या राज्यात नोकरी करायची? दोन नावं छापलेली. नको ते खोडायचं, खाली सही करायची. एवढंच.

यांनी फॉर्मवर सही केली आणि नावं तशीच ठेवून तो मला पाठवला. सोबत चिठ्ठी: ‘तुला जिथे राहायचं आहे ते ठेव. मी तिथे येईन. भरून झाला की सरळ कचेरीच्या पत्त्यावर टाक.’

असा नवरा होता. आणि अशी मी.

फॉर्म आला तेव्हा मी अकोल्याला माहेरी होते. माझे वडील कट्टर विदर्भवादी. वेगळं राज्य हवं, ना मुंबई हवी ना आणखी कोणी, यावर त्यांची भाषणं व्हायची. त्यांच्या बैठकीत संध्याकाळी सात-आठ वकील बसून चहा प्यायचे आणि वऱ्हाडावर झालेले अन्याय मोजायचे. मी तो फॉर्म घेऊन बैठकीत गेले. वीस-एकवीस वर्षांची, लग्न झालेली मुलगी, पदर खोचून. सगळ्यांसमोर दौतीत टाक बुडवला. छापलेली दोन्ही नावं खोडली आणि त्यांच्या खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: विदर्भ.

बैठक अशी हसली की काय सांगू. एकानं टाळी दिली. एक म्हणाले, “वकीलसाहेब, आमी वर्सानुवर्सं भाषणं ठोकून राहिलो, पोरीनं एका टाकात राज्य काढलं!” वडिलांनी आपल्या ताटलीतला पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. तो मी तिथेच उभ्यानं खाल्ला. फॉर्म पाकिटात घातला, आणि स्वतः जाऊन टपालपेटीत टाकला. कोणाला द्यायला तयार नव्हते मी तो.

बाकीच्या कारकुनांचे फॉर्म नीट भरलेले होते. पाऊस लागायच्या आत ते सगळे परत आले. आमच्या गल्लीतलाच एक होता. त्याची बायको मला नळावर भेटली.

“काहून वो, तुमचे नाही आले?”

“येतील.”

“आमचे त आले बाप्पा. सांगत होते, तुमच्या यायच्या कागदाचं काही झंझट होऊन राहिलं.”

“सरकारी काम आहे,” मी म्हटलं. “जबाबदारीच्या माणसाला लवकर सोडत नाहीत.”

हे मी मान ताठ करून म्हटलं. तिला तसं सोडून आले, बादली अर्धीच भरली होती तरी.

फॉर्म दोन महिन्यांनी फिरून यांच्याच टेबलावर आला. वर शेरा होता: छापील पर्यायांपैकी एक न निवडल्यामुळे अग्राह्य, नव्यानं भरून पाठवावा. यांनी मला लिहिलं. मी घाबरून पत्र उघडलं तर आत हसू. ‘साहेबांनी विचारलं, हे राज्य नकाशावर कुठे आहे? मी म्हटलं, अमरावतीला, माझ्या घरी. साहेबही हसले. पण नियम तो नियम. नवा फॉर्म पाठवतो आहे. या वेळी माझ्यावर दया कर. माझ्या बाबांना काही सांगू नकोस, ते उगाच तुला बोलतील. मी त्यांना लिहिलं आहे की काम बाकी आहे.’

आणि खरंच काम बाकी राहिलं. सगळे गेले आणि हे एकटे उरले, तेव्हा ज्या गलबतांची नोंद कशात तरी अडकली होती त्यांची सगळी चवड यांच्या टेबलावर आली. मी नवा फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला. महाराष्ट्र ठेवलं. तो मंजूरही झाला. दिवाळीपर्यंत मोकळे करतो, असं त्यांना सांगण्यात आलं.

अडकलेल्यांत एक गलबत होतं. त्याचा नाखवा वयस्क मुसलमान. गलबतात निम्मा वाटा त्याचा, निम्मा त्याच्या धाकट्या भावाचा, आणि भाऊ फाळणीत कराचीला गेलेला. राजाच्या काळात ते कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा कराची म्हणजे पलीकडचं बंदर, सकाळी निघावं आणि पोचावं. आता नव्या कायद्यानं निम्मा मालक परदेशी, म्हणून गलबत आपल्या देशाचं धरता येत नव्हतं. आणि पाकिस्तानचं तर ते कधीच नव्हतं. भावानं वाटा सोडल्याचं लिहून द्यावं एवढाच मार्ग. तोवर वहीत पान कोरं.

वरच्या एका बंदरात मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर नाखव्याला उभं करून तात्पुरती सवलत मागायची असं ठरलं. कागद घेऊन हे जाणार. मोटारीनं जाता आलं असतं. यांचं शेवटचं पत्र दसऱ्याच्या सुमाराला आलं. ‘तीन वर्षं गलबतांवर कागद रंगवतो आहे, पण एकदाही त्यांतून गेलो नाही. नाखवा म्हणतो, चला माझ्याच गलबतातून. वऱ्हाडात परत आल्यावर तू विचारशील, समुद्र कसा असतो, तेव्हा सांगायला काही हवं.’

मी विचारणार होतेच. टोमण्यानं विचारणार होते, पण विचारणार होते.

तार आली ती दुपारी. मामाजी जेवून पडवीत आडवे झाले होते. तारवाल्याला पाहून उठून बसले. तार इंग्रजीत. गलबत ठरल्या दिवशी पोचलं नाही, किनाऱ्यावर वादळ झालं, शोध चालू आहे.

“काय आहे, सूनबाई?”

“यांच्या गलबताला उशीर झाला आहे.”

“गलबतात कशाले बसला तो?”

“कचेरीचं काम होतं.”

मामाजींनी तार हातात घेतली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी पुष्कळ वेळ पाहिली. मग तिची घडी घालून पंचांगात ठेवली. “उशीर झाला म्हणजे येईन,” ते म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. झोपले नाहीत.

गलबत आलं नाही. माणसं आली नाहीत. लाकूडही आलं नाही.

मग मी लिहायला बसले. आयुष्यात प्रथमच माझ्या हुशारीला काम मिळालं. दोन्हीकडच्या कचेऱ्यांना पत्रं लिहिली. तिकडून उत्तर आलं की आपल्या पतीचा पर्याय मंजूर झालेला असल्यामुळे ते आता आमच्याकडचे कर्मचारी नाहीत. इकडून आलं की ते अद्याप हजर न झाल्यामुळे आमच्याकडचे नाहीत. दोन्ही उत्तरं नियमानं बरोबर होती. वडिलांना दाखवली तर त्यांनाही चूक सापडली नाही.

मग बंदरावर यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या एका काठेवाडी कारकुनाचं पत्र आलं, हिंदीत. मला भाभी लिहिलं होतं. त्यानं स्वच्छ सांगितलं: भाभी, गलबत बुडालं हे सारा गाव जाणतो. पण बुडालं असं लिहायचं ते नोंदवहीत, गलबताच्या पानावर. आणि या गलबताचं पान नाही. जे नोंदलंच नाही ते बुडालं असं आम्हाला लिहिता येत नाही. आणि गलबत बुडाल्याचा दाखला नाही तर त्यात कोण होतं त्याचाही नाही.

मी तेव्हा काय केलं असेल? हसले. ओसरीत एकटी बसून हसले. लाकडाच्या ओंडक्यांचे जन्मदाखले म्हणून ज्यांची मी टर उडवली होती, त्यांतल्या एकाचा जन्मदाखला आता मला हवा होता. त्याच्याशिवाय त्याला मरता येत नव्हतं.

आणि घाई होती. मला नाही. मी जन्मभर थांबले असते. मला तर कागद नको होता. कपाळावर कुंकू होतं, आणि कोणी ‘तुमचे यजमान?’ विचारलं की मी ‘बदलीवर’ म्हणत होते. घाई मामाजींची होती. त्यांची दृष्टी चालली होती, पाय सुजत होते. एके सकाळी मला समोर बसवून ते म्हणाले,

“सूनबाई, ऐक. मानूस बेपत्ता असला तर बारा वर्सं वाट पाहाची, असं शास्त्र आहे. मग पळसाच्या देठांचं शरीर करायचं आन् त्याले अग्नी द्याचा. मी लोकांच्या पोरांचं केलं हे. दोनदा केलं.”

“मामाजी, हे आत्ता कशाला?”

“माह्यापाशी बारा वर्सं नाहीत. पन खात्रीची बातमी असली तर थांबा लागत नाही. तू कागद आन. मी माह्या हातानं करतो. मी गेल्यावर कोन करन त्याचं? भाड्याचा भट?”

ते स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी भाड्याचेच भट होते. ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

तो कागद आणायला मला चार वर्षं लागली.

नाखव्याची बायको त्या बंदरावर होती. काठेवाडी कारकून तिचं म्हणणं मला लिहायचा आणि माझं तिला वाचून दाखवायचा. तिलाही कागद हवा होता, कारण त्याशिवाय तिला बेवा म्हणून बसता येत नव्हतं आणि सुहागन म्हणून वावरता येत नव्हतं. तिनं दिराला कराचीला पत्रं लिहवली. दीर घाबरत होता. सही केली तर तिथलं सरकार विचारील, नाही केली तर भावाच्या आत्म्याला काय वाटेल. एकदा तिनं मला निरोप पाठवला: ‘बहन, तुमचा माणूस माझ्या माणसाबरोबर होता, एकटा नव्हता, एवढं समजून झोपत जा.’ मी तिला काय निरोप पाठवणार? तुझ्या माणसाच्या गलबताचा कागद घेऊन माझा माणूस त्या दिवशी तिथे नसताच, तो कधीच घरी आला असता, एक फॉर्म नीट भरला असता तर? मी लिहिलं, ‘तुम्हीही झोपत जा.’

शेवटी भावानं वाटा सोडला. मोजमापाचं अडलं, कारण मोजायला गलबत नव्हतं. तेव्हा कारकुनानं गेलेल्या राजाची जुनी वही माळ्यावरून शोधून काढली. त्यात माप हातांत होतं. त्याचे फूट केले. साहेबांनी मान्य केलं. पण त्या गलबतात हे होते असं कोणीतरी शपथेवर सांगायला हवं होतं, आणि ते बुडून मरण पावले असा माझा विश्वास आहे हेही.

मी अकोल्याला गेले. वडिलांनी मशीनवर कागद चढवला. इतकी वर्षं हजारो प्रतिज्ञापत्रं केलेला माणूस, पहिल्या ओळीत तीनदा चुकला. माझ्या नवऱ्याच्या नावापाशी यायचा आणि थांबायचा.

“बेटा,” ते म्हणाले, “त्या दिवशी बैठकीत तो फॉर्म मी तुझ्या हातातून...”

“बाबा, पुढचं टाईप करा.”

“मी पेढा दिला तुला.”

“बाबा. ‘असा माझा विश्वास आहे.’ तिथपर्यंत झालं आहे. पुढे?”

त्यांनी पुढचं टाईप केलं. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी विदर्भावर भाषण केलं नाही. लोक म्हणायचे, वकीलसाहेब पदासाठी फुटले. आम्हा दोघांशिवाय कारण कोणालाच ठाऊक नव्हतं.

मी सही केली. विश्वास नव्हता माझा, तरी केली. गाडीत बडनेऱ्यापर्यंत पदरानं कपाळ झाकून आले. पुसलं नव्हतं. पण सही करून आलेल्या बाईनं ते दाखवत बसू नये असं वाटलं.

पासष्टच्या युद्धाच्या आदल्या वर्षी नोंदवहीची नक्कल आली. वर गलबताचं नाव, नंबर, गाव, मालक एक, भारतीय. आणि त्याच पानावर, त्याच तारखेला, त्याच शाईनं: समुद्रात नष्ट, नाव कमी केलं. खाली माणसांची यादी. गलबत आपल्या देशाचं झालं आणि लगेच बुडालं. सकाळी झालं असेल आणि दुपारी बुडालं असेल, जेवणाच्या सुट्टीनंतर.

मामाजींना मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, “चांगलं अक्षर आहे का?” मी म्हटलं, “चांगलं आहे.” मग म्हणाले, “पोहऱ्याच्या रानातून पळस आना.”

बायकांनी अशा कामाला बसायचं नसतं. पण मामाजींना आता दिसत नव्हतं आणि भाड्याचा माणूस त्यांना नको होता. म्हणून मी बसले. अंगणात दर्भ पसरला. त्यावर देठांचं शरीर रचायचं. डोक्याला चाळीस, गळ्याला दहा, असं त्यांचं पाठ होतं. एकूण तीनशे साठ. मी देठ मोजून त्यांच्या हातात द्यायची, ते चाचपून ठेवायचे. ठेवताना बोटांनी सारखं करायचे, जसं लहान मुलाचं अंथरूण सारखं करावं तसं.

छातीपर्यंत आले आणि त्यांचा हात थांबला.

“सूनबाई, एक विचारू?”

“विचारा, मामाजी.”

“बाकीचे सारे पावसाच्या आधी परतले. यालेच काहून ठेवून घेतलं तिथं?”

माझ्या हातात देठ होते. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. ऊन होतं, आणि म्हाताऱ्या माणसाचे न दिसणारे डोळे बरोबर माझ्याकडे वळलेले होते. चार वर्षं मी हेच वाक्य तयार ठेवलं होतं: मामाजी, चूक माझी. तोंडपाठ होतं. आयुष्यात मला शब्द कमी पडले नव्हते कधी. संपादकाच्या चुका काढलेली बाई मी.

“काम बाकी होतं,” मी म्हटलं.

“हो,” ते म्हणाले. “काम टाकून येनारा नव्हताच तो. मीच तसं शिकवलं त्याले.” मग ते वाकले. त्या देठांच्या छातीवर हात ठेवून, माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलू लागले. “माह्यं चुकलं, बापा. पोथी दिली असती तुह्या हातात तं घरी राह्यला असता. दोन घास कमी मिळाले असते. मीच कचेरीत धाडलं तुले. मीच धाडलं. माफ कर बाप्पा मले.”

पुढल्या वर्षी ते गेले. हेच उराशी धरून गेले. त्यांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय दाबायची, औषध द्यायची, पुराण वाचून दाखवायची, आणि सांगायचं ते सांगत नव्हते. आधी वाटायचं, आता सांगून त्यांना काय मिळेल. मग वाटायचं, त्यांनी मला क्षमा केली तर काय करू. मग ते नव्हतेच. लोक म्हणाले, सूनबाईनं पोटच्या लेकीसारखं केलं. मी तेही ऐकून घेतलं.

त्या दिवशी अंगणात ते बराच वेळ तसे वाकून राहिले. मग डोळे पुसून नीट बसले आणि हात पुढे केला.

“दे. किती झाले?”

मी खाली पाहिलं. मला आठवेना. शंभर झाले होते की दीडशे, छाती भरली होती की नाही, काहीच सांगता येईना.

“चुकले मी, मामाजी,” मी म्हटलं.

“असू दे,” ते म्हणाले, “पुन्हा पयलेपासून मोज.”